तीनशे चौदा चित्रं

"लुना विकली ते बरंच झालं म्हणा. पण मग माझे पाय काय भाड्यानं आणलेत?"

शैलाकाकू हे कोणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. त्या डबा उघडत होत्या आणि मी त्याच टेबलाखाली बसून यूपीएसची वायर खोचत होते. माझ्या नाकासमोर त्यांच्या चपला होत्या, धुळीनं पार पांढऱ्या झालेल्या. खाली माणूस आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. वर त्या एकेक पुडा मांडत होत्या आणि मांडता मांडता सांगत होत्या, पोळ्या मधे, भाजी डाव्या हाताला, वरण उजवीकडे आणि वाटी काठोकाठ आहे, तेव्हा जपून. समोर बसलेले त्यांचे यजमान, दिघोरे सर, नुसतं "हं" म्हणाले.

मी खोकले. काकू दचकल्या नाहीत, फक्त आवाज बदलला.

"अगं बाई, नंदा, तू खाली काय करून राहिलीस? ये वर, लोणचं आणलंय."

आपली कुरकुर कोणी ऐकली की माणसं लोणचं पुढे करतात. मी ते खाल्लं आणि विषय संपला.

ही गोष्ट एप्रिल दोन हजार बाराची. साकोलीत बसस्टँडच्या मागे, बियाण्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि दारावर 'तलाव अभ्यास केंद्र' अशी पाटी होती. केंद्र म्हणजे सर आणि मी. सर भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, वय अडुसष्ट. उपग्रहानं वरून काढलेली चित्रं वाचण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या चार जिल्ह्यांत नव्हता. डागाचा रंग पाहून ते सांगायचे, इथे पाणी गुडघाभर आहे, इथे कमरेइतकं. विद्यार्थी काठी घेऊन मोजायला जायचे आणि तोंड पाडून परत यायचे, कारण तेवढंच निघायचं.

मी त्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून लागले. कागदावर माझं नाव बेबीनंदा. चाळिशीला टेकले तरी बेबीच. सर नंदाबाई म्हणायचे आणि कायम अहो-जाहो करायचे. माझं शिक्षण दहावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा. पण टाइप करून झालं की दिवस उरायचा, आणि कपाटात संगणकाचं एक कव्हर फाटलेलं पुस्तक होतं. इंग्रजी मला जेमतेम. सर म्हणाले, अर्थ नाही कळला तरी चालेल, कंस जुळतात का तेवढं बघा. मी कंस जुळवत गेले आणि तीन वर्षांत स्क्रिप्ट लिहायला लागले. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. हे आण, मग ते आण, आणलंस की खूण कर, सारखं विचारायला येऊ नकोस. घरात असं ऐकणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मला त्या कामाची गोडी लागली.

त्या महिन्यात चिठ्ठी लिहायला कारण झाला भुरीटोल्याचा तलाव. त्या तलावावर ढिवरांची बासष्ट घरं जगत होती, पिढ्यानपिढ्या. त्यांची मच्छीमार संस्था होती. जिल्ह्याच्या कचेरीतून संस्थेला नोटीस आली की तलाव गाळानं भरला आहे, उन्हाळ्यात कोरडा पडतो, तरी त्याला बारमाही तलावांच्या यादीतून का काढू नये. यादीतून निघाला की संस्थेचा मासेमारीचा हक्क संपला. संस्थेचं म्हणणं, तलाव आटत नाही. कचेरीचं म्हणणं, पुरावा आणा. सुनावणी तेवीस एप्रिलला, सोमवारी.

संस्थेच्या अध्यक्ष सयत्राबाई मारबते. पन्नाशीच्या, उंच, आणि बोलायला लागल्या की समोरच्याची एखादी तरी चूक निघायचीच. त्या सरांसमोर नोटीस ठेवून म्हणाल्या, "आमी सांगतो ते खोटं, अन् कागद सांगते ते खरं. तं मंग तुमी आमाले कागदच द्या, सर."

सरांनी नोटीस माझ्याकडे सरकवली आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. सगळे म्हणजे आम्ही तिघं होतो. मी वाचली. सर म्हणाले, देतो कागद. भुरीटोल्याच्या पाळीवरून मी तीस वर्षं पायी फिरलोय.

कागद करायचा तर चित्रं हवीत. उपग्रहाची जुनी चित्रं अमेरिकेतल्या एका साठ्यात ठेवलेली असतात आणि नाव नोंदवलं की फुकट मिळतात. मागच्या वीस वर्षांतली, जानेवारी ते मे, ढग नसलेली अशी मी यादी केली. तीनशे चौदा निघाली. एकेक फाइल दोनशे एमबीच्या घरात. एकेकीवर क्लिक करत बसले असते तर सुनावणी होऊन वर तलावही गेला असता. म्हणून स्क्रिप्ट. यादीतलं नाव उचल, फाइल उतरव, ठेवून दे, पडद्यावर 'उतरली' असं लिही, पुढचं नाव उचल.

त्याच आठवड्यात आम्हाला इंटरनेटची नवी लाइन मिळाली. जुनीवर एक चित्र उतरायला दिवस जायचा. बुधवारी सकाळी लाइनमन आला, नवी वायर लावून गेला. मी साइटवर नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरले, चाचणीसाठी एक चित्र मागवलं, ते तासाभरात आलं. मग वीज गेली. ती आली तेव्हा जेवणं झाली होती. मी स्क्रिप्ट सुरू केली आणि खाली चहा सांगून वर आले, तर पडद्यावर ओळी पळत होत्या. उतरली. उतरली. उतरली. पाऊण तासात तीनशे चौदा.

सकाळी एकाला तास आणि आता पाऊण तासात सगळी, हे मला खटकायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, सकाळी लाइन नवीन होती, आता सरावली असेल. आपल्या हातून काही चांगलं झालं की माणूस कारण विचारत नाही.

सरांनी पेढे मागवले. खालच्या बियाणेवाल्यालाही दिले, तो म्हणाला कशाचे, सर म्हणाले लाइनीचे. मग सरांनी मला सांगितलं की चाळीस वर्षांत इतकी चित्रं त्यांनी एका जागी पाहिली नव्हती, आणि हे तुम्ही एकटीनं केलंत. मी आणखी एक पेढा घेतला.

सगळ्या फाइली मी सरांच्या संगणकावर घातली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार ते आतल्या खोलीत दार लोटून बसले. शनिवारी दुपारी मला हाक मारली आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पाहिली सगळी. तक्ता घ्या."

मी टाइप करत गेले. एकोणीसशे ब्याण्णव, मे अखेर पाणी आहे. त्र्याण्णव, मे अखेर पाणी आहे. वीस वर्षं, वीस ओळी, एकाही ओळीला ते अडखळले नाहीत. शेवटी एक वाक्य सांगितलं, 'वरील सर्व चित्रे मी स्वतः पाहून तपासली आहेत.' काकू डबा न्यायला आल्या होत्या. सरांनी पेन घेतलं, काकूंनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथं. सरांनी सही केली. अक्षर नेहमीसारखं देखणं.

मंगळवारी मला वाटलं, अहवालाच्या पहिल्या पानावर तलावाचं एक चित्र असावं. कचेरीतल्या माणसाच्या नजरेत भरेल. मी यादीतलं मधलंच एक उघडायला गेले. उघडेना. दुसरं उघडेना. मग फाइलीचा आकार पाहिला. अकरा केबी. दोनशे एमबीचं चित्र अकरा केबी, म्हणजे म्हैस काडेपेटीत. खालची पाहिली, अकरा. त्याखालची, अकरा. मी अख्खी यादी वर-खाली केली, तीनशे चौदाच्या तीनशे चौदा अकरा केबी, भावंडांसारख्या.

एक मी साध्या अक्षरांत उघडली. आत चित्र नव्हतंच. साइटच्या दारावरचं पान होतं: आधी तुमचं नाव आणि पासवर्ड सांगा.

वीज गेली तेव्हा माझा आत शिरायचा परवाना संपला होता. स्क्रिप्ट दरवाज्याशी गेली, शिपायानं म्हटलं नाव सांगा. तिला कुठं नाव सांगता येतंय? तिनं ते म्हणणंच फाइलीत घातलं, वर चित्राचं नाव लिहिलं, मला सांगितलं उतरली, आणि पुढच्या चित्रासाठी परत दाराशी गेली. तीनशे चौदा वेळा. आणि आम्ही पेढे वाटले.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. कारण त्या क्षणी मला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक माझ्या चुकीची. दुसरी अशी की सर तीन दिवस आत बसून ह्याच फाइली पाहत होते.

एक वाजता जिन्यावर काकूंच्या चपला वाजल्या. मी उठून बाहेर गेले आणि त्यांना वरच्या पायरीवरच गाठलं. आमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठाला चुन्याची पांढरी पट्टी होती. दिवाळीत काकूंनी स्वतः बसून ओढली होती, शोभा येते म्हणून. मी हळू आवाजात सांगितलं की ती चित्रं चित्रं नव्हती, आत काहीच नव्हतं.

काकूंनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"कधीपासून?"

"बुधवारपासून. आली तीच तशी."

त्यांनी मनात दिवस मोजले. मला ते ओठांवर दिसलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

"चष्मा बदलायचा राहिलाय त्यांचा," काकू म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

हे वाक्य आमच्यात दोन वर्षं चालत आलेलं होतं. सरांनी लुना विकली तेव्हा चष्मा बदलायचा राहिला होता. मला पत्रं वाचून दाखवायला लावली तेव्हाही. खुर्चीऐवजी खुर्चीच्या बाजूला बसायला गेले आणि मी धरलं, तेव्हा तर आम्ही तिघांनी मिळून चष्म्याच्या दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या. दुकानदाराचा काही दोष नव्हता. त्याच्याकडे कोणी गेलंच नव्हतं.

"सही झालीय त्यावर," मी म्हटलं. "आणि कचेरीत त्यांनी म्हटलं, एक चित्र दाखवा, तर?"

तर संस्था खोटी ठरेल, बासष्ट घरांचा तलाव जाईल, आणि सरांची चाळीस वर्षंही. हे कोणी बोललं नाही. काकू म्हणाल्या, वरण सांडेल, आणि आत गेल्या.

नेमक्या त्याच दुपारी सयत्राबाई तक्ता न्यायला आल्या. मी ठरवलं, माझं आहे तेवढं मी सांगून टाकायचं. मी उभी राहिले आणि सरांना नि त्यांना मिळून सांगितलं की माझी चूक झाली, फाइली आल्या त्या पोकळ आल्या, मी फक्त मोजल्या.

सरांचा हात टेबलावर पेपरवेट शोधत होता, तो सापडल्यावर त्यांनी तो मुठीत धरला.

सयत्राबाईंनी मला नीट विचारून घेतलं. किती यायला पाहिजे होतं, किती आलं. मी सांगितलं, दोनशेच्या जागी शून्य पूर्णांक काहीतरी. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही.

"बाई, मासोऱ्या कोणी मोजून घेते का? तोलून घेते. पाटीत शंभर टाकल्या म्हन्ते अन् शंभरही बोटाएवढ्या. तुमी तोललं काऊन नाही?"

तीन वर्षं कंस जुळवले आणि तराजू लावायचं सुचलं नाही.

मग त्या सरांकडे वळल्या. "पण सर, तुमी तं सारे पाह्यले म्हणून सांगत होते ना?"

खाली दुकानात कोणीतरी पोतं टाकलं, त्याचा आवाज आला. काकू डब्याचं झाकण लावत होत्या, ते लागेना. मी म्हटलं, आणि म्हणताना माझी मलाच गंमत वाटली की खोटं किती सहज येतं, "सरांनी जुनी चित्रं पाहिली, सयत्राबाई. आधीची. कपाटातली."

"हाव का," सयत्राबाई म्हणाल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. ही बाई प्रत्येकाची चूक काढायची, आणि त्या दिवशी तिनं ती गिळली. तेव्हा मला कळलं की तिलाही ठाऊक आहे.

प्रश्न उरला वेळेचा. सुनावणीला सहा दिवस. नव्या लाइनीवर तासाला एक फाइल, सकाळी दहाला वीज येणार ती रात्री आठपर्यंत धरली तरी दिवसाला दहा. तीनशे चौदाला महिना लागणार. मी हे बोटांवर सांगत होते तेवढ्यात सयत्राबाईंनी मला थांबवलं.

"तीनशे काहाले पाहिजे? जानेवारीत तं साऱ्याच तलावात पाणी रायते. वैशाखातलं दाखवा. वैशाखात पाणी असंन तं मागचं आपोआपच आलं."

मी सरांकडे पाहिलं. सर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, हे मला सुचायला हवं होतं, प्राध्यापक मी आहे. सयत्राबाई म्हणाल्या, तुमाले पोट भरासाठी तलावात उतरा लागत नाही ना, म्हणून नाही सुचलं.

फक्त मे महिन्यातली, वर्षाला दोन, एका वर्षी एकच मिळालं. एकोणचाळीस. मी नवी चिठ्ठी लिहिली. तिला नाव-पासवर्ड बरोबर दिला आणि दर फाइलीआधी तो नव्यानं दाखवायला सांगितला. आणि शेवटी एक ओळ घातली: फाइल शंभर एमबीपेक्षा हलकी भरली तर थांब, पुढे जाऊ नकोस, मला हाक मार. त्या ओळीचं नाव मी 'तोल' ठेवलं. पुढे मी पुष्कळ स्क्रिप्टा लिहिल्या, आता तर शिकवतेही. अजून प्रत्येकीत ती ओळ असते आणि तिचं नाव तेच असतं. नवीन मुली विचारतात, मॅडम हे काय? मी म्हणते मासोऱ्या.

मंगळवारी दुपारी सुरू केली. पहिली फाइल यायला पन्नास मिनिटं लागली. पन्नास मिनिटं मी पडद्यासमोरून हलले नाही. आली, तोलली, एकशे ब्याण्णव एमबी. मी ती उघडून पाहिली आणि मगच पाणी प्यायले. बुधवारी तीनदा स्क्रिप्ट थांबली, तीनदा मला हाक मारली, एकदा तर साइटनं खरोखरच अर्धी फाइल दिली होती. हलकी भरली म्हणून तिनं परत केली. त्या दिवशी मला माझ्या त्या चिठ्ठीचा इतका अभिमान वाटला की मी काकूंना ती वाचून दाखवली. काकूंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी ऐकली. गुरुवारी सयत्राबाईंचा फोन. हॅलो नाही, काही नाही.

"तोलून राहिल्या का?"

"तोलून राहिले," मी म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठला एकोणचाळिसावी आली. मी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं. वीज गेली ती त्यानंतर पाच मिनिटांनी. आयुष्यात वीज मंडळाचे आभार मी तेव्हा एकदाच मानले.

सुनावणीचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, उगाच कोणी ताटकळायला नको. सोमवारी आम्ही चौघं बसनं गेलो. वाटभर काकू सरांवर मोठमोठ्यानं खेकसत होत्या, पाय आत घ्या, डावीकडे खांब आहे, डावं उजवं कळत नाही का. त्यांचं पुटपुटणं संपलं होतं, आणि सर खुशाल ऐकून घेत होते. कचेरीतल्या साहेबांनी तक्ता पाहिला, चित्रं पाहिली, खालच्या दोन सह्या पाहिल्या, सरांची आणि माझी. मग एका ओळीवर पेन ठेवून म्हणाले, हे काय, दोन हजार तीनला तुमचाच तलाव कोरडा दाखवता? सयत्राबाई म्हणाल्या, सुकला होता तं काय ओला दाखवू? साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, एक कोरडं वर्ष जो आपणहून सांगतो त्याची एकोणीस ओली मला मानावी लागतील. तलाव यादीत राहिला. आजही आहे. दर वर्षी पोळ्याच्या सुमारास भुरीटोल्याहून माझ्याकडे झिंग्यांची एक पिशवी येते, तोलून.

पण ते कोरडं वर्ष तक्त्यात आलं कसं, ते राहिलंच. ते सुनावणीआधीच्या शनिवारचं आहे.

शनिवारी सकाळी दहाला वीज आली. सयत्राबाई नऊच्या बसनं येऊन बाकावर बसल्या होत्या. मी मोठा पडदा लावला, सरांची खुर्ची पुढे ओढली. काकूही आल्या होत्या, डब्याची वेळ नव्हती तरी. त्या दाराशी उभ्या होत्या. आमच्या ऑफिसात काकू कधी बसत नसत. बसलं म्हणजे मुक्काम झाला, आणि आपण त्यांना सांभाळायला येतो हे सरांना दिसू द्यायचं नव्हतं त्यांना.

मी ब्याण्णवचं चित्र लावलं. ह्या चित्रांत झाडी लाल दिसते आणि पाणी काळं. लालभडक रानात मधोमध एक काळा डाग. सयत्राबाई उठून पडद्याजवळ गेल्या.

"हा आमचा तलाव?"

"हो."

"बैलाच्या खुरासारखा दिसते वरून," त्या म्हणाल्या. आणि मग थोड्या वेळानं, "कधी वरून पाह्यलाच नाही जी आमी. आतूनच पाह्यला."

मी एकेक पुढे सरकवत गेले. वर्ष मोठ्यानं सांगायचं, पानावर खूण करायची. त्र्याण्णव, काळा. चौऱ्याण्णव, काळा. पंच्याण्णवला थोडा आक्रसलेला, पण काळा. सयत्राबाईंना प्रत्येक वर्षाचं काहीतरी आठवत होतं, ह्या साली पाळ फुटली, ह्या साली थोरली बाळंत झाली. सर मान किंचित वाकडी करून बसले होते, कोंबडी दाणा बघते तशी. प्रत्येक चित्राला ते म्हणत, "बरोबर. पाणी आहे." आवाज तोच, वर्गात हजेरी घ्यावी तसा. मी खूण करायची.

दोन हजार. एक. दोन.

"दोन हजार तीन," मी म्हटलं आणि चित्र लावलं.

"बरोबर," सर म्हणाले. "पाणी आहे."

पडद्यावर खूर होता, पण काळा नव्हता. पांढुरका, भाजलेल्या पापडासारखा. मी त्याच महिन्यातलं दुसरं चित्र लावलं. तेही तसंच. फाइली पूर्ण वजनाच्या होत्या, मी दोन्ही तोलल्या होत्या.

सयत्राबाईंनी पडद्यावर हात ठेवला होता तो काढला.

"त्या साली सुकला होता जी," त्या शेवटी म्हणाल्या, फार हळू. "पार भेगाडला होता. आमी हातानं मासोऱ्या येचल्या. खोटं काहाले बोलू? साऱ्या वीस सालात एकदा."

टाइप केलेला तक्ता माझ्यासमोर होता. दोन हजार तीन, मे अखेर पाणी आहे. खाली देखणी सही. मला वाटलं, काहीतरी बोललं पाहिजे, लवकर.

"ढग असेल, सर," मी म्हटलं. "पातळ ढग आला की पांढरं दिसतं कधी कधी."

मी काकूंकडे पाहिलं. नेहमी ह्या ठिकाणी त्या बोलायच्या, आणि काय बोलायच्या ते आम्हा दोघींनाही पाठ होतं.

"त्या मे महिन्यात आपण नागपूरला होतो," काकू म्हणाल्या. "माझं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर तुम्ही दवाखाना सोडून कुठं गेला नाहीत."

एवढं बोलून त्या पुढे आल्या, कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या. डबा मांडीवर.

खुर्चीचा आवाज ऐकून सरांनी मान त्या दिशेला वळवली. मग पडद्याकडे वळवली, आणि मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला.

"ढग नाही, नंदाबाई. ढगांची चित्रं तुम्ही आधीच गाळली आहेत, मीच शिकवलंय ते तुम्हाला." त्यांनी पेपरवेट टेबलावर ठेवला. "एकोणीस वर्षं मी पायांनी सांगितली. हे वर्ष माझ्या पायांत नाही. त्या तीनशे चौदांतलं मी एकही पाहिलं नाही, आणि हे समोर लावलंत तेही नाही. मला दिसत नाही."